नोंदच नाही, मग आकडा कुठून येणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरला पहिल्यांदाच पत्र लिहितेय. थोडं लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण माझ्या भावाचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी नाशिकला इंदिरानगरात राहते, ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता रिटायर आहे. माझ्या लेकीला बँकेत नोकरी लागली आणि पोस्टिंग मिळालं थेट जैसलमेर जिल्ह्यात, पोकरणच्या पुढे आत एका छोट्या गावात, वस्ती सगळी मिळून तीनेक हजार, चहूबाजूंनी वाळू आणि बोरी-खेजडीची झाडं. ऑर्डर आली त्या दिवशी पेढे यायच्या आधी फोन यायला लागले. आमच्या मोठ्या भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर कुठलीतरी यादी टाकली, कुठे क्राइम रेट किती, तिकडचा भाग सगळा लाल रंगात, आणि खाली प्रत्येकाचं एकच, पोरगी एकटी कशी राहणार. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. आणि त्याच आठवड्यात आपल्या पेपरात वर्षभरात एकही गुन्हा दाखल नसलेल्या गावांची बातमी आली, कौतुकाने छापलेली, आणि त्या गावांत माझं माहेर होतं. ती वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते, म्हणून हे पत्र.

आधी त्या लाल रंगाबद्दल. गुन्ह्यांचा दर मोजतात दर एक लाख लोकसंख्येमागे. नाशिकसारख्या शहराला हे ठीक आहे, पण तीन हजारांच्या गावाला ते लावलं की काय होतं ते कुणीही पाटीवर करून बघावं. समजा त्या गावात वर्षात एक खून झाला, भावकीच्या भांडणात, एकच. लाखामागे तो होतो ३३. देशाचा २०२२ चा खुनांचा दर आहे २.१, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा आहे, २८,५२२ खून. म्हणजे त्या एका दुर्दैवी भांडणामुळे ते गाव देशाच्या सोळापट धोकादायक ठरलं, आणि पुढच्या वर्षी काही झालं नाही की तेच गाव शून्यावर, एकदम स्वर्ग! गाव तेच, माणसं तीच. दोन चोऱ्यांच्या चार झाल्या की "चोऱ्या दुप्पट" हे हेडिंगही असंच. लहान गावाचा एका वर्षाचा दर छापूच नये असं माझं गणिताची शिक्षिका म्हणून स्पष्ट मत आहे, छापायचाच तर पाच-सात वर्षांचा एकत्र छापा आणि शेजारी प्रत्यक्ष गुन्हे किती तेही द्या.

आणि ज्या लोकसंख्येने भागतो ती तरी कुठली? २०२१ ची जनगणना झालीच नाही, सगळं २०११ वरून अंदाजाने पुढे नेलेलं. त्यात लेकीच्या वाटेवर रामदेवरा लागतं, बाबा रामदेवांचं देवस्थान, भाद्रपदात तिथे लाखो माणसं पायी येतात, त्यांचे खिसे कापले गेले, मोबाईल गेले की गुन्हे त्या गावच्या खात्यावर आणि भागाकार मात्र तिथे बारा महिने राहणाऱ्या लोकांनी. हे आपल्याला नवीन नाही. २०११ ला त्र्यंबकेश्वरची लोकसंख्या जेमतेम १२ हजार होती, २०२७ च्या सिंहस्थात तिथे किती माणूस येईल ते सांगायला नको, त्या वर्षीचा त्र्यंबकचा दर काढून कुणी गावाला बदनाम करू नये म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मी लेकीला सोडायला स्वतः गेले. जोधपूरपर्यंत गेलो, पुढे जैसलमेरच्या गाडीने पोकरण, मग जीप. जैसलमेर जिल्हा ३८ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि २०११ ला माणसं होती ६ लाख ७० हजार, म्हणजे एका चौरस किलोमीटरला १७ माणसं. आपल्या नाशिक जिल्ह्यात ३९३. जीपमधून जाताना हा १७ चा आकडा मला डोळ्यांनी दिसत होता, अर्धा अर्धा तास एक घर नाही, आणि खरं सांगते, पोटात गोळा आला होता, की रात्री काही झालं तर पोलीस कुठून आणि कधी येणार. लाल-हिरव्या यादीत हे अंतर कुठेच नसतं, आईला मात्र तेच आधी दिसतं.

पण बारा दिवस राहिले तिथे. लेकीला खोली मिळाली त्या घरचे आजोबा ऐंशीच्या पुढचे असतील, पूर्वी हरवलेली उंटं माग काढून शोधून आणायचे, पायाच्या ठशावरून माग काढणाऱ्याला तिकडे खोजी म्हणतात. रोज पहाटे ते अंगणाबाहेरच्या वाळूवरून नुसती नजर फिरवत. रात्री वारा पडला असेल तर वाळूवर सगळं जसंच्या तसं उमटलेलं असतं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, तुमचा उजवा गुडघा दुखतो ना, डावी टाच खोल जाते. मी त्यांना गुडघ्याचं एका शब्दाने सांगितलं नव्हतं! मग दाखवलं त्यांनी, ही तुमची चप्पल, ही लेकीची, हा दूधवाला, हा कुत्रा, आणि हा इथपर्यंत येऊन परत फिरलाय तो पलीकडच्या ढाणीतला, म्हणजे वाळूतल्या वस्तीवरचा पोरगा, बकरी शोधत होता. आठवड्याभरात गावात प्रत्येकाला माहीत झालं होतं की बँकवाल्या मॅडम कुठे राहतात आणि किती वाजता परत येतात. मला आधी ते बरं वाटलं नाही, पोरीवर सगळ्यांची नजर. नंतर एकदा तिला यायला उशीर झाला तर दोन घरांतून आधी विचारणा आली, मला काळजी लागायच्या आत. तिथे चोऱ्या होत नाहीत असं मी म्हणत नाही, टांक्याच्या झाकणाला, म्हणजे पावसाचं पाणी साठवतात त्या जमिनीखालच्या टाकीला, चक्क कुलूप असतं, पाणीच चोरीला जातं. आणि सुनांचं, मुलींचं घराच्या आतलं दुःख वाळूवर उमटत नाही हेही मला कळतं. पण तिकडे मला एक गोष्ट सांगितली गेली जी मनात राहिली. राजस्थानात २०१९ पासून ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही तर थेट एसपी ऑफिसला जाऊन नोंदवता येतो, आणि ते सुरू झाल्यावर तिकडचे आकडे वाढले. साहजिक आहे. आधी जे लिहिलंच जात नव्हतं ते लिहिलं गेलं. आमच्या भाऊजींच्या यादीतल्या लाल रंगात हेही असणार, हे त्यांना कोण सांगणार.

आता माझं माहेर. येवला तालुक्याचा ईशान्य कोपरा, ममदापूर-राजापूरच्या बाजूचा माळ, जिथे काळवीटं फिरतात आणि उन्हाळ्यात टँकरशिवाय घोटभर पाणी नाही. वाळवंट नाही म्हणत कुणी त्याला, पण मे महिन्यात जाऊन बघा. गावठाणापासून दीड किलोमीटरवर मळ्यात दादा-वहिनीचं एकटं घर, मुलं पुण्याला. मागच्या फेब्रुवारीत रात्री विहिरीवरची केबल कापून नेली. मी दुसऱ्या दिवशी गेले तर विहिरीच्या कठड्यावर दीड वीत तुकडा लोंबत होता, तीन वेळा करवत फिरवलेली, पहिले दोन कट अर्धवट सोडलेले, कारण मध्ये कुणीतरी बॅटरी मारली असावी. आणि खाली ओढ्यात काळा डाग, तिथेच वायर जाळून तांबं काढून नेलं होतं, जळक्या प्लास्टिकचा वास दुपारपर्यंत येत होता. म्हणजे चोरटे पळाले नाहीत घाईने, दादाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तासभर शेकोटी करून बसले! वहिनी जागी होती, तिला उजेड दिसत होता, ती बोलली नाही कारण दादाचं बीपी.

दादा पोलिसांत गेला, २६ किलोमीटर, मोटरसायकलवर. तिथे त्याला सांगितलं, अर्ज देऊन जा, चौकशी करतो. दादाने अर्ज दिला, पोच घेतली. त्यावर गुन्हा दाखल झाला नाही. पुढे जूनमध्ये शेजारच्या वस्तीवरून दोन बोकड आणि एक शेळी गेली, त्यांचाही अर्ज. दिवाळीच्या आधी एकाचा स्टार्टर आणि पेटी, तो तर गेलाच नाही, म्हणाला पेट्रोल कशाला जाळू. आणि वर्षाच्या शेवटी पेपरात येतं, गावात एकही गुन्हा नाही.

संपादक साहेब, दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे कोर्टाला न विचारता पोलीस ज्याचा तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती दिली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे हे सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ लाच सांगितलंय. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला, त्यात कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर करता येते, म्हणजे गुन्हा त्या ठाण्याच्या हद्दीतला नसला तरी नोंदवता येतो, ऑनलाईनही माहिती देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. हे दादाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, ठाण्यात त्याला कुणी सांगितलं नाही. पोलिसांना मी दोष देत बसत नाही, एवढ्या मोठ्या हद्दीला माणसं किती आणि गाड्या किती ते आम्हाला दिसतं, एक बीट अंमलदार किती गावं बघणार. पण अर्ज घेतला की हद्द शांत दिसते, आणि हद्द शांत दिसली की गस्त वाढवायचं कारण उरत नाही, जादा माणूस मागायला कागद उरत नाही. नुकसान तिथे होतं. वहिनी आता ओसरीवरचा दिवा रात्रभर चालू ठेवते आणि उशाशी मिरचीची पूड. लेकीच्या "लाल" गावात मी दार लोटून झोपले, माहेरच्या "शून्य गुन्हे" गावात मला कडी लावूनही झोप लागली नाही.

आणि भीतीला वाट मिळाली नाही की ती कुठे जाते ते आपल्या शेजारी घडलंय. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. माहेरीही चोरी झाली की पहिलं बोट जातं ते पालं टाकून राहणाऱ्यांकडे, मेंढरंवाल्यांकडे. दादाच्या केबलच्या वेळीही दोघं-तिघं निघाले होते काठ्या घेऊन, पोलीस पाटलांनी अडवलं म्हणून बरं. गुन्हा नोंदवून नीट तपास झाला असता तर त्या काठ्या निघाल्याच नसत्या असं मला मनापासून वाटतं.

तर माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या वेळी अशी बातमी कराल तेव्हा दाखल गुन्ह्यांच्या शेजारी अर्ज किती आले आणि त्यातल्या कितींचे गुन्हे झाले हे विचारा, माहिती अधिकारात विचारता येतं. गावापासून ठाणं किती किलोमीटर आणि ११२ ला फोन केल्यावर गाडी किती वेळात पोचली हे छापा. आणि मळ्यावस्तीवर राहणाऱ्या बायकांना विचारा, त्या रात्री कितीला झोपतात.

दादाच्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे, तारीख आणि शिक्क्यासकट. केबलचा तो तुकडाही मी पिशवीत घालून आणलाय, दादा फेकून देणार होता. तुमच्या प्रतिनिधीला पाठवा, दोन्ही दाखवते, आणि यायची तयारी असेल तर मळ्यापर्यंत मी स्वतः बरोबर येते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक