पंप बुडाला की नळ कोरडा

संपादक साहेब, हवामान बदल म्हटलं की सगळे दुष्काळाचंच बोलतात, २०१८ ला केपटाऊनमध्ये तर नळ बंद करायची तारीखही जाहीर झाली होती, ते खरंच पण पुराचं कोण बघणार? पंप नदीकाठी, इलेक्ट्रिक पॅनल जमिनीलगत, एक मोठा पूर आला की पॅनलमध्ये चिखल आणि बाहेर सगळीकडे पाणी असून घरात थेंब नाही. पाणी गढूळ आलं की तुरटी जास्त लागते, फिल्टर चोक होतात, सारखे धुवावे लागतात. जुन्या पावसाच्या आकड्यांवर प्लॅनिंग आता पुरे झालं. पॅनल उंचावर घ्या, जनरेटर ठेवा, गळती शोधा, आणि छोट्या पाणी योजनांना यासाठी पैसे आणि इंजिनिअर दोन्ही द्या, नुसत्या परिपत्रकाने त्यांचं काही होत नाही.

- एक वाचक