चार एमबीतला स्टुडिओ आणि शाळेतले झाकून ठेवलेले संगणक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. तेव्हापासून गावाकडे ‘गेम’ हा शब्द काढला तरी पालकांच्या कपाळावर आठी चढते. रमीच्या ॲपबद्दलचा राग रास्तच आहे. पण त्या रागात गेमवर पैसे लावणे, गेम खेळणे आणि गेम बनवणे या तीन निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. यातली तिसरी गोष्ट सुतारकामासारखी कारागिरी आहे. तिला भूमिती लागते, चित्रकला लागते आणि काम तडीस नेण्याची चिकाटी लागते. ती शिकायला पुण्या-बंगळुरूला जावे लागते आणि महागडा संगणक घ्यावा लागतो, हा समज आपल्या भागात घट्ट बसला आहे. ‘डूम’ हा गेम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकी स्टुडिओचा इतिहास नीट पाहिला तर हा समज टिकत नाही.

या स्टुडिओचे मूळ लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टमध्ये आहे. कापूस आणि तेल यांच्या व्यापारावर वाढलेले हे शहर संगणक उद्योगाच्या नकाशावर कुठेच नव्हते. तिथे सॉफ्टडिस्क नावाची कंपनी दर महिन्याला फ्लॉपीवर मासिक काढायची. जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक (आडनाव एक असले तरी दोन्ही कारमॅकांचे नाते नाही; पुढे नुसते ‘कारमॅक’ म्हणजे जॉन) हे चौघे तिथले नोकर. रोमेरो आणि कारमॅक यांच्याकडे दर दोन महिन्यांनी एक पूर्ण गेम द्यायचे काम होते. या स्टुडिओची खरी शाळा ही दोन महिन्यांची मुदतच, असे आमचे मत आहे. गेम छोटा असला तरी सुरुवात, शेवट, आवाज आणि गुणफलक यांसह तो हातावेगळा करावाच लागे, आणि प्रत्येक वेळी एखादी नवी युक्ती हाती लागे.

सर्वांत मोठी युक्ती सप्टेंबर १९९० मध्ये सापडली. त्या काळी टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर पार्श्वभूमी सुळसुळीत सरकायची, पीसीवर मात्र तसे जमत नसे. पीसीचा पडदा ३२० बाय २०० ठिपक्यांचा होता आणि तो पूर्ण रंगवायला यंत्राला फार वेळ लागे. कारमॅक यांनी पडदा १६ बाय १६ ठिपक्यांच्या टाइलमध्ये विभागला. ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत पडद्यापेक्षा थोडे मोठे चित्र मावते, त्यामुळे पहिले १६ ठिपके सरकायला काहीच रंगवावे लागत नाही, चित्र कुठून दाखवायचे तेवढी जागा बदलायची. सोळा ठिपके संपले की जुना आणि नवा पडदा टाइलनिहाय ताडून पाहायचा. निळ्या आभाळाच्या टाइलशेजारी पुन्हा निळे आभाळच असेल तर तिला हात लावायचा नाही, बदललेल्या तेवढ्याच टाइल रंगवायच्या. याची अट चित्रकारालाही पाळावी लागे. आभाळात प्रत्येक ढग निराळा काढला की टाइल जुळत नाहीत आणि गेम रखडतो.

या युक्तीने त्यांनी निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘मारिओ ३’ या गेमची पहिली पातळी पीसीवर हुबेहूब उतरवली. निन्टेंडोने ती घेतली नाही. मग टेक्सासमधल्या अपोजी कंपनीमार्फत १४ डिसेंबर १९९० रोजी ‘कमांडर कीन’ बाहेर आला. त्याचे तीन भाग होते. पहिला फुकट वाटायचा आणि तो आवडलेल्याने पुढचे दोन टपालाने पैसे पाठवून घ्यायचे. कीनचा पहिला धनादेश १०,५०० डॉलरचा होता. हे काम त्यांनी शनिवार-रविवारी कंपनीचेच संगणक घरी नेऊन केले होते. ते उघडकीला आल्यावर तडजोड झाली. १ फेब्रुवारी १९९१ रोजी स्टुडिओ स्थापन झाला, पण सॉफ्टडिस्कला ठरावीक गेम देत राहावे लागले.

मे १९९२ चा ‘वोल्फेनस्टाइन थ्रीडी’ ६४ बाय ६४ चौकटींच्या पटावर बसवला होता. सगळ्या भिंती एका उंचीच्या आणि काटकोनातल्या, म्हणून तो जलद चाले. खरी उडी १० डिसेंबर १९९३ च्या ‘डूम’मध्ये आहे. त्यात भिंती तिरप्या आहेत, जिने आहेत, आणि हे सारे ३८६ जातीच्या प्रोसेसरवर व ४ एमबी रॅमवर (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीवर) चालत असे. शाळेतल्या जुन्यात जुन्या संगणकातही याच्या कित्येक पट रॅम असते.

डूमचा नकाशा शेतकऱ्याच्या पोराला लवकर समजतो, कारण तो तलाठ्याकडच्या गटाच्या नकाशासारखाच असतो. हद्दीच्या दगडाला तिथे व्हर्टेक्स म्हणतात, धुऱ्याला (बांधाच्या रेघेला) लाइनडेफ आणि गटाला सेक्टर. प्रत्येक सेक्टरला जमिनीची उंची, छताची उंची आणि ० ते २५५ मधला उजेडाचा आकडा दिलेला असतो. आता पडद्यावर आधी कोणती भिंत काढायची? त्यासाठी एक धुरा निवडून तो दोन्हीकडे सरळ वाढवायचा, म्हणजे शिवाराचे दोन भाग होतात. प्रत्येक भागाचे पुन्हा तसेच दोन. आत वळलेला कोपरा एकाही तुकड्यात उरत नाही तोवर हे चालू ठेवायचे. ही वाटणी आधीच करून फाइलमध्ये ठेवलेली असते. खेळताना यंत्र प्रत्येक धुऱ्यापाशी एवढेच पाहते की खेळाडू कोणत्या अंगाला उभा आहे. त्या अंगाची बाजू आधी काढायची, पलीकडची नंतर, आणि पडद्याचा जो उभा पट्टा भरला तिकडे पुन्हा वळायचे नाही. ही कल्पना १९८० च्या एका शोधनिबंधातली आहे. कारमॅक यांनी ती वाचून कामाला लावली.

वाटणी आधीच झालेली असल्यामुळे डूममध्ये भिंत आडवी सरकत नाही. दार असो की लिफ्ट, हालचाल फक्त वर-खाली. खोलीवर खोलीही रचता येत नाही.

चुका त्यांच्याकडूनही झाल्या. डूमच्या पहिल्या आवृत्तीत चौघे एकत्र खेळू लागले की प्रत्येक संदेश नेटवर्कवरच्या सगळ्याच संगणकांकडे जाई. कार्यालयांची आणि विद्यापीठांची नेटवर्क त्यामुळे तुंबली आणि खेळावर बंदी घालावी लागली. पुढच्या आवृत्तीत संदेश खेळणाऱ्यांपुरतेच ठेवले गेले. माणसेही टिकली नाहीत. हॉल १९९३ मध्ये गेले, ‘क्वेक’ या गेमनंतर १९९६ मध्ये रोमेरो आणि २०१३ मध्ये कारमॅक. २००९ मध्ये स्टुडिओ झेनिमॅक्स या कंपनीकडे गेला आणि २०२१ मध्ये झेनिमॅक्स मायक्रोसॉफ्टकडे.

आपल्या उपयोगाची तारीख मात्र २३ डिसेंबर १९९७ आहे. त्या दिवशी डूमचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेली मूळ आज्ञावली) जगाला खुला झाला. आवाजाचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता, म्हणून डॉस या संगणक प्रणालीऐवजी लिनक्स प्रणालीवरची आवृत्ती दिली गेली. १९९९ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली आला, म्हणजे कोणालाही तो वापरायला, बदलायला आणि वाटायला मोकळीक मिळाली. यंत्रणा एका बाजूला आणि चित्रे, नकाशे, आवाज वॅड नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये, अशी मूळ रचनाच असल्याने मूळ कोडला हात न लावता नवा नकाशा करता येतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि आयटीआयमध्ये कापड टाकून ठेवलेल्या संगणकांवर हे आजच सुरू होऊ शकते. तीन गोष्टी लागतात: क्रिस्पी डूम (खेळ चालवायला), फ्रीडूम (चित्रे आणि आवाज, पूर्ण मोफत) आणि युरेका (नकाशा काढायला). तिन्ही एका पेनड्राइव्हवर मावतात, इंटरनेट एकदाच लागते. मूळ खेळ मारामारीचा आहे, ही शिक्षकांची हरकत आम्हाला मान्य आहे. म्हणून नववीच्या पुढे शिकवावे आणि नकाशात एकही राक्षस ठेवू नये. दारे, किल्ल्या, जिने आणि लिफ्ट यांतच भरपूर काम आहे.

पहिला नकाशा आपल्याच शाळेचा करावा. कौलारू, बैठी शाळा यासाठी उत्तम, दुमजली इमारत निवडू नये. आधी मुलांनी पट्टी घेऊन वर्ग मोजावेत, आलेख कागदावर काढावेत, मगच संगणकाला हात लावावा. डूमच्या मापात खेळाडूची उंची ५६ आणि रुंदी ३२ एकक असते. म्हणून व्हरांडा ३२ चा ठेवला की तो अडकतो, किमान ६४ ठेवावा. पायरी २४ पर्यंत चढता येते, २५ ची झाली की नाही. वर्गाची मापे ६४ च्या पटीत घेतली तर फरशी नीट बसते.

दार करताना बहुतेक मुले चुकतात. दार म्हणजे १६ एकक जाडीचा छोटा सेक्टर, त्याचे छत जमिनीला टेकवलेले. त्याच्या दोन्ही दर्शनी रेघांना (लाइनडेफना) क्रिया क्रमांक १, म्हणजे दार उघडण्याची क्रिया, द्यायची आणि रेघेची पुढची बाजू दाराच्या बाहेर वळवायची. ती आत राहिली तर कितीही दाबले तरी दार उघडत नाही. चौकटीच्या रेघांना ‘लोअर अनपेग्ड’ हा चित्र जागीच धरून ठेवणारा पर्याय लावायचे राहिले तर दाराबरोबर चौकटीचे चित्रही वर सरकते. भिंतीवर पडद्यातल्या जुन्या चित्रांचे ओघळ दिसू लागले तर तिथे टेक्स्चर (भिंतीवरचे चित्र) लावायचे राहिले आहे असे समजावे. आणि जतन करताना नोड्स बांधायचा पर्याय चालू ठेवावा. नोड्स म्हणजेच वर सांगितलेली धुऱ्यांची वाटणी. ती जुनीच राहिली तर नवी भिंत दिसत नाही किंवा खेळ सुरूच होत नाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला आमची विनंती आहे की येत्या सत्रात प्रत्येक तालुक्यात निदान एका शाळेला यासाठी आठवड्याच्या दोन तासिका द्याव्यात. एका संगणकावर दोन मुले बसवावीत आणि दोन महिन्यांत एक नकाशा पुरा करून घ्यावा. नवी खरेदी करायची गरज नाही, फक्त यूपीएसच्या बॅटऱ्या तपासून घ्याव्यात. त्या बसलेल्या असतील तर भारनियमनाची वेळ टाळून तासिका ठेवावी आणि दर दहा मिनिटांनी नकाशा नव्या नावाने जतन करायला लावावा.

आपले,
संगणक शिकवणारे काही शिक्षक,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ