युद्धपट हिंदीत आणा, पण त्यांचा देश बदलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी देशभक्तिपर युद्धपट हिंदीत डब होऊन मोबाइलवर आणि वाहिन्यांवर भरपूर येतात. नागपुरात मराठी घरांतही ते आवडीने पाहिले जातात. १९७५ साली पहिलं विश्व हिंदी संमेलन याच शहरात भरलं होतं. इथल्या कानाला फसलेली हिंदी लगेच खटकते. डबिंगचे संवाद लिहिणारे आणि ध्वनिमुद्रण करणारे आम्ही काही जण म्हणूनच हे पत्र लिहीत आहोत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दुसऱ्याच्या देशभक्तीवर आपल्या घोषणा चढवणं. सोव्हिएत सैनिक खंदकातून उठताना ‘ज़ा रोदिनू’, म्हणजे ‘मातृभूमीसाठी’, अशी आरोळी ठोकतो. तिथे ‘मातृभूमि की जय’ टाकायचा मोह होतो. चेहरा जवळून दिसत असेल तर हा प्रकार तिथेच उघडा पडतो, कारण मूळ आरोळीत ओठ एकदाही मिटत नाहीत आणि ‘मातृभूमि’त म, भ, म असे तीनदा मिटतात. ‘देश के लिए’ घ्या. ज़ा-रो-दि-नू, देश-के-लि-ए: तिकडे चार ठोके, इकडेही चार, ओठ कुठेच मिटत नाहीत आणि सैनिक त्याच्याच देशाचा राहतो. जवळच्या शॉटमध्ये प, फ, ब, भ, म यांच्या जागा तपासल्याच पाहिजेत. लांबच्या शॉटमध्ये वाक्याची सुरुवात आणि शेवट जुळला की भागतं.

कोरियन युद्धावरच्या (१९५०-५३) चिनी चित्रपटात ‘हम’ म्हणजे चीन आणि ‘दुश्मन’ म्हणजे अमेरिकी. हिंदीत नुसतं ‘हमारा वतन’ ऐकलं की प्रेक्षकाचा गोंधळ उडतो. यावर सोपा उपाय आहे. पहिल्या दहा मिनिटांत बोलणाऱ्याची पाठ कॅमेऱ्याकडे असेल किंवा आवाज पडद्याबाहेरून येत असेल, तिथे देशाचं नाव आणि साल संवादात घालावं. ओठ दिसत नसल्यामुळे दोन शब्द जास्त बसवता येतात. रशियन चित्रपटांतलं ‘महान देशभक्तिपूर्ण युद्ध’, म्हणजे जर्मनीविरुद्धचं सोव्हिएत युद्ध, हे नावही तसंच जपावं. ते २२ जून १९४१ ला सुरू होतं. त्याचं सरसकट ‘दूसरा विश्वयुद्ध’ केलं की सुरुवात १९३९ वर जाते आणि पुढच्या संवादांतल्या तारखा जुळत नाहीत.

हुद्द्यांची तर दैनाच असते. सार्जंटला ‘सूबेदार’ करू नये. सुभेदार हा आपल्याकडचा जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर), तो वर्ग अमेरिकी किंवा रशियन सैन्यात नाहीच. आमच्या मते परदेशी हुद्दा तसाच ठेवावा. नौदलातला कॅप्टन भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो, हे माहीत नसलं तर कोणी कोणाला ‘सर’ म्हणायचं तेच उलटं होतं. कवायतीचे हुकूम मात्र आपल्या फौजेचेच घ्यावेत: सावधान, विश्राम, तेज़ चल, थम. ते ऐकताक्षणी कळतात आणि आखूडही आहेत. कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे, आसपास निवृत्त फौजी राहतात. त्यांच्यापैकी एखाद्याला मोबदला देऊन संहिता वाचायला दिली तर अशा चुका एका बैठकीत निघतील.

आता आवाजाचं. ओरडण्याचे संवाद सत्राच्या शेवटी घ्यावेत, आधी घेतले तर बसलेल्या घशाने हळवे प्रसंग बोलावे लागतात. ओरडताना कलाकाराने माइकपासून दोन-तीन फूट मागे सरून तोंड किंचित तिरकं करावं आणि गेन (माइकची आवाज पकडण्याची पातळी) उतरवावा, नाहीतर आवाज फाटतो. वायरलेसवरचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये आवळला की खरा वाटतो.

निर्मात्यांकडून येणारा संगीत-परिणामांचा ट्रॅक, म्हणजे ‘एम अँड ई’, रेकॉर्डिंगआधी पूर्ण ऐकायला हवा. किंकाळ्या, धापा, कण्हणं हे बहुतेकदा मूळ संवादांबरोबर मुद्रित झालेलं असतं. संवाद काढले की तेही जातं. मग जखमी सैनिक तोंड उघडतो आणि आवाज येत नाही. अशा जागांचे टाइमकोड (चित्रपटातली नेमकी वेळ) टिपून प्रत्येक आवाज नव्याने घ्यावा लागतो, आणि घाईत हेच काम गाळलं जातं.

हिंदी डबिंग करून घेणाऱ्यांकडे आमची मागणी एवढीच, की संवादलेखकाला नुसती इंग्रजी संवादयादी न देता पूर्ण चित्रपट पाहायला द्यावा, आणि चित्रपट रशियन किंवा चिनी असेल तर ती भाषा जाणणारा एक माणूस त्याच्यासोबत बसवावा.

आपले,
नागपुरातील काही डबिंग संवादलेखक व ध्वनिमुद्रक