बाथरूमचा लाईट घ्यायच्या आधी हे वाच

प्रिय सोनू,

तू पाठवलेले लाईटचे फोटो बघितले, आरशावरचा लांब पट्टीवाला मस्तच आहे, पण लाईट कुठला ते नंतर बघू गं, आधी स्विच कुठे येणार आणि मेन बोर्डात काय बसवलंय ते नक्की कर, कारण टाइल्स लागल्या की परत भिंत फोडायला कोणी तयार होत नाही.

स्विच बाथरूमच्या आत नकोच. दाराबाहेर घे. आतच हवा असेल तर छताला बसवायचा दोरीवाला स्विच मिळतो, ओला हात फक्त दोरीला लागतो. मी ओल्या हाताचं एवढं लावून धरतेय कारण कोरड्या कातडीचा रेझिस्टन्स कित्येक हजार ओहम असतो, ओली झाली की तो हजारच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो, त्यात आपण अनवाणी, खाली ओली फरशी. 230 व्होल्टला हजार ओहम म्हणजे 230 मिलिअँपिअर अंगातून जाणार, आणि 30 च्या वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडायचा धोका सुरू होतो.

आता वायरमन म्हणेल एमसीबी आहे ना, मग कशाला काळजी. तर एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. 10 अँपिअरच्या एमसीबीला 0.23 अँपिअर म्हणजे काहीच नाही, तो हलणारसुद्धा नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो, जाणारा आणि परत येणारा करंट सारखा नसला की तो लाईन तोडतो. 30 मिलिअँपिअरचाच माग, 300 चा पण येतो पण तो आगीपासून बचावासाठी असतो, शॉकपासून वाचवत नाही. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबत जा, खटकन पडला पाहिजे. पण बटण दाबल्यावर पडला म्हणजे अर्थिंग पण ठीक आहे असं धरू नकोस, ते बटण अर्थिंग नसलं तरी चालतं, म्हणून अर्थिंग वेगळं मीटर लावून तपासून घे. आणि कोणी फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी) दोन्ही एकदम धरले तर आरसीसीबीलाही काही कळत नाही, तेव्हा तो आहे म्हणून निष्काळजीपणा नको.

अजून एक गोष्ट समोर उभं राहून करून घे, स्विच फेजवरच हवा. न्यूट्रलवर जोडला तरी लाईट नीट लागतो नि विझतो, त्यामुळे कळतच नाही, पण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो.

मग लाईट. खोक्यावर आयपी लिहून पुढे दोन आकडे असतात, त्यातला दुसरा पाण्याचा. आरशाजवळ 44 चालेल, म्हणजे कुठूनही शिंतोडे आले तरी हरकत नाही, शॉवरच्या जवळ किंवा वर असेल तर 65 घे, पाण्याचा फवारा बसला तरी आत जात नाही. मात्र हा आकडा रबराचं गॅस्केट नीट बसवलं आणि वायरचं भोक सील केलं तरच खरा, घाईत भोक उघडंच सोडतात आणि मग वाफ आत शिरते. शॉवरच्या डोक्यावरचा लाईट 12 व्होल्टचा घेतलास तर मला जास्त बरं वाटेल, फक्त त्याचा ड्रायव्हर, म्हणजे 230 चे 12 व्होल्ट करणारा डबा, बाथरूमच्या बाहेर बसव, कारण त्यात 230 येतंच.

आरशाचा लाईट एकाच जागी वरती लावलास तर डोळ्यांखाली सावली पडते, दोन्ही बाजूंना लाव, म्हणजे तो पट्टीवाला एक नको, दोन घे आणि उभे लाव, पण आयपी बघून.

बोर्ड उघडतील तेव्हा आरसीसीबीवरचे आकडे वाचता येतील असा फोटो पाठव. बंद खोलीत, ओल्या अंगाने, तू एकटी असतेस गं, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

तुझी आई