रजा संपायच्या आधी

चिपळूण,
रविवार दुपार

प्रिय माऊ,

परवा फोनवर बाळाच्या रडण्यात आपलं बोलणं अर्धवटच राहिलं. "घरूनच काम करते असं सांगू का गं ऑफिसात?" एवढं मात्र नीट ऐकू आलं. हे फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलेय. बाहेर पाऊस नुसता कोसळतोय. वीज आहे तोवर लिहून घेते.

आधी उत्तर देऊन टाकते. सांग, नक्की सांग. पण वेळा ठरवून घे आणि ते सगळं ईमेलवर लेखी घे. "बघू, करू अ‍ॅडजस्ट" यावर हो म्हणू नकोस. मॅनेजर मेहरबानी करतोय असं तुझ्या मनात असेल तर ते काढून टाक. २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, रजा बारावरून सव्वीस आठवड्यांची झाली, तेव्हाच त्यात हेही आलं की काम घरून होण्यासारखं असेल तर रजेनंतर दोघांनी मिळून ठरवलेल्या अटींवर ते देता येईल. द्यायलाच हवं अशी सक्ती नाही, पण अटी दोघांनी ठरवायच्या आहेत, एकट्या मॅनेजरने नाही. हे मनात धरून बोलायला बस.

माझं तुला माहीत आहेच. नवऱ्याची नोकरी लोट्याच्या एमआयडीसीत, माझी हिंजवडीत. लग्नानंतर शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं आणि रविवारी रात्री पुन्हा कुंभार्ली घाट चढायचा, असाच संसार चालला होता. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, लॅपटॉप घेऊन इथे आले ती इथलीच झाले. हे झालं नसतं तर आमच्या दोघांपैकी एकाला नोकरी सोडावी लागली असती, आणि तो एक कोण असता हे तुला सांगायला नको. म्हणून घरून काम करण्याला नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. या कामामुळे माझी नोकरी टिकली. लेक तापाने फणफणली तर तिच्या उशाशी बसता येतं. दुपारचं जेवण गरम मिळतं. आणि गणपतीत कोकण रेल्वेचं आरक्षण उघडताच संपतं, त्याच्यासाठी कुणापुढे तोंड वेंगाडावं लागत नाही. मी इथेच असते, मखर करायलाही.

पण दिवसाचे तुकडे पडतात. सकाळी दहाला पुण्याच्या टीमचा स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी मीटिंग. क्लायंट अमेरिकेत, पूर्व किनाऱ्यावर. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात, मार्चात परत साडेसहा. उन्हाळ्या-पावसाळ्यात हा कॉल बरोबर दिवेलागणीला येतो. लेक आजोबांच्या शेजारी मांडी घालून शुभंकरोति म्हणते आणि मी आतल्या खोलीत दार लोटून कालचे बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, वाचून दाखवत असते. हिवाळ्यात दिवेलागण मिळते, पण मग सगळ्यांची जेवणं माझ्यासाठी खोळंबतात. मधली दुपार तेवढी माझी, असं कागदावर दिसतं. खरं तर सगळ्यांना हवी असते ती तीच दुपार. सिलिंडर येणार आहे, शेजारच्यांचं पार्सल घेऊन ठेवायचं आहे, कुणाला बँकेत सोबत हवी आहे. "तू काय, घरीच असतेस ना!" माऊ, हे वाक्य कुणी वाईट मनाने म्हणत नाही. तरी ते दिवसाकाठी इतक्या वेळा कानावर पडतं की संध्याकाळी कॉलला बसताना मी आधीच थकलेली असते. नवरा युनिफॉर्म घालून कंपनीच्या बसमध्ये चढतो, त्याला सिलिंडरसाठी कुणी फोन करत नाही.

शेवटी एका रविवारी सगळ्यांना बसवून सांगितलं. दहा ते दीड आणि संध्याकाळी कॉल संपेपर्यंत मी घरात नाही असंच धरा. सासूबाईंना वाईट वाटेल अशी धाकधूक होती. झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू हाका मारत आल्या तेव्हा दारातूनच सासूबाईंचा आवाज आला, "ती कामावर गेल्ये. दोन वाजता येईल." मी दाराच्या आत, तीन पावलांवर बसलेली! त्या दिवसापासून घराने माझं काम काम म्हणून मानलं. तूही हे पहिल्याच आठवड्यात कर, तुझ्या आईशी आणि सासरीही बोल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाळणाघर सोडू नकोस. घरी आहे तर बाळाला मीच सांभाळेन, पैसे वाचतील, हा हिशोब तू मांडत असशील. नको मांडूस. लेक रांगायला लागली तेव्हा सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे बिछान्यावर होत्या. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कॅमेरा बंद करून एका हाताने पाजायचं, दुसऱ्या हाताने टिकेट, म्हणजे नेमून दिलेल्या कामाची नोंद, अपडेट करायचं, तिने हेडफोनची वायर ओढली की वाक्य तिथेच तुटायचं. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करतोय आणि इकडे ती वायर तोंडात घालून खुशीत हसतेय. तिच्याकडे धड बघता येत नाही आणि कामाकडेही नाही. रात्री ती झोपली की राहिलेलं काम उपसायचं. मग आम्ही एक मावशी ठेवल्या, सकाळी साडेनऊला येऊन दुपारी जेवण भरवून जाणाऱ्या, आणि मी माणसात आले. तुमच्या ऑफिसात पन्नासाच्या वर लोक आहेत, म्हणजे कायद्याने पाळणाघराची सोय करणं कंपनीला भाग आहे. तू घरून काम करणार असलीस तरी त्याबद्दल विचार. काही कंपन्या घराजवळच्या पाळणाघराचे पैसे देतात.

रात्रीच्या कामाचंही आधीच बोलून घे. आपल्याकडे दुकाने आणि आस्थापनांच्या कायद्यात बाईला रात्री साडेनऊनंतर कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षितता आणि घरी पोचवायची सोय लागते. ऑफिसात असताना हे सगळं पाळलं जायचं, गाडी यायची, बरोबर गार्ड असायचा. घरातल्या टेबलावर रात्री अकराचा कॉल लागला की त्याची कुठे नोंदसुद्धा होत नाही. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून मोकळं राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळ्यांनी तशाच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, पण कायदा काही झाला नाही. म्हणजे तोवर आपलं आपणच सांगायचं. मी रात्री साडेनऊला चॅट बंद करते आणि टीमला ते ठाऊक आहे. पहिले काही दिवस कुरबुर झाली, मग सवय झाली.

इथल्या पावसाचं तुला पुण्यात फारसं लागू नाही, तरी सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली. वीज गेली, मोबाइल गेले, खालचा मजला चिखलाने भरला. पुण्यात कुणाला काही कळायला मार्ग नव्हता. सगळं सुरळीत झाल्यावर लॉगिन केलं तर ते सगळे दिवस माझ्या रजेतून कापलेले. मी भांडले, वरपर्यंत लिहिलं, तेव्हा कुठे ते फिरवून मिळाले. म्हणून वीज-नेट गेलं तर तो दिवस कसा धरणार, हेही लिहून घे. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम मात्र आपल्याच खर्चाने ठेवावं लागतं.

आणि एक मनातलं. बढतीच्या वेळी समोर दिसणारा माणूस आधी आठवतो, हे मी दोनदा अनुभवलंय. शिवाय चहाच्या टपरीवर जे कळतं ते कुठल्याही कॉलवर कळत नाही. मी आता अधूनमधून मुद्दाम पुण्याला येते, टीमबरोबर जेवते, नव्या पोरांच्या शेजारी बसते. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुलीला मी घरून काम घे असं कधीच सांगणार नाही, तिला शिकायचं असतं. तुझं तसं नाही. तुला काम येतं आणि ते तुला येतं हे ऑफिसला माहीत आहे. तरी आठवड्यातून एक दिवस जात जा.

मॅनेजरला पाठवायच्या आधी ईमेल मला दाखव. मी बुधवारी दुपारी मोकळी आहे, सावकाश वाचेन. काकूंना नमस्कार, बाळाला खूप पापे.

तुझी,
पमी

ता. क. डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर कामाला बसू नकोस. बाळंतपणानंतरची कंबर आहे. चांगली खुर्ची आधी घे, बाकीचं मागाहून.