एकोणीस वाढदिवसांचे पंतप्रधान

संपादक साहेब, नमस्कार.

पत्राचं कारण तसं किरकोळ आहे. महागाई, भ्रष्टाचार वगैरे मोठ्या विषयांवर बाकीचे वाचक लिहितातच, मी आपली तुमच्या आतल्या पानावरच्या त्या चिमुकल्या 'दिनविशेष'च्या चौकटीबद्दल लिहितेय. पेपर हातात आला की मी आधी ती वाचते, मग राशिभविष्य (दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवावा की काय असं हल्ली वाटायला लागलंय, ते का ते पुढे सांगते), आणि पहिल्या पानावरची भांडणं सगळ्यात शेवटी, कारण ती उद्याही तीच असतात, फक्त पक्ष बदललेले असतात.

तर झालं असं. रोज सकाळी चौकटीतलं एखादं वाक्य उचलून घरच्या ग्रुपवर कोडं म्हणून टाकायचं हा माझा नेम. मध्यंतरी तुमच्याकडे मोरारजी देसाईंबद्दल आलं होतं, की त्यांचा जन्म २९ फेब्रुवारीचा आणि अर्थमंत्री असताना त्यांनी १९६४ आणि १९६८ अशी दोन बजेटं स्वतःच्या वाढदिवशीच मांडली. मला भारीच वाटलं, मी लगेच टाकलं, "ओळखा पाहू, वाढदिवसाला केक कापायचा सोडून लोकांचे खिसे कापणारे अर्थमंत्री कोण?" पुतणीने हसणाऱ्या सहा स्मायल्या टाकल्या, नणंदेने अंगठा दाखवला, मी खुश. आणि मग आमचे मोठे भाऊजी ऑनलाइन आले. भाऊजी म्हणजे उभी हयात हिशेबतपासणीत घालवलेला माणूस, ग्रुपवर वर्षातून चारदा बोलतात आणि त्यातल्या तीन वेळा कुणाचं तरी काहीतरी चुकलेलं असतं. त्यांनी एवढंच लिहिलं, "बाईसाहेब, ६४ साली अर्थमंत्री कोण होतं?"

झालं. दुपारभर मी तेच शोधत बसले. १९६३ साली कामराज योजना आली, मोठ्या नेत्यांनी मंत्रिपदं सोडून पक्षाच्या कामाला लागायचं असं ठरलं (आजच्या वाचकांना ही परीकथा वाटेल, पण खरंच झालं होतं), त्यात मोरारजींचीही खुर्ची गेली आणि अर्थखातं आलं टी. टी. कृष्णमाचारींकडे. ६४ चं बजेट त्यांनी मांडलं. मोरारजींनी आपल्या वाढदिवशी मांडलेली बजेटं १९६० आणि १९६८ ची. म्हणजे गोष्ट खरी, साल खोटं. तुमच्या एकट्याला बोल लावत नाहीये, हे ६४ बऱ्याच ठिकाणी असंच छापलेलं सापडतं, कुणीतरी एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवून काढलं, परीक्षेत शेजारच्याचं बघून लिहिता लिहिता त्याचा सीट नंबरही उतरवावा तसं. पण भाऊजींना हे कोण समजावणार, ते तेव्हापासून माझ्या प्रत्येक कोड्याखाली "मूळ कागद?" असं विचारतात.

बरं, चुकीच्या सालापायी खरी मजा राहूनच गेली ना! मोरारजींचा जन्म १८९६ चा. पुढचं लीप वर्ष १९०० असायला हवं, पण शतकाच्या सालाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप, म्हणून १९०० मध्ये २९ फेब्रुवारी आलीच नाही आणि बिचाऱ्या मुलाचा पहिला खरा वाढदिवस उजाडला तो थेट १९०४ ला, आठव्या वर्षी. २४ मार्च १९७७ ला ते पंतप्रधान झाले तेव्हा वय ८१, पण १९०४ पासून बोटं मोजा, वाढदिवस भरतात १९. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं आणि लोकसभेला उभं राहायला २५ लागायचं, लागतं. म्हणजे वाढदिवसांच्या हिशेबाने पंतप्रधानांना उभं राहणं सोडा, मत द्यायलाही दोन कमी पडत होते. तरुण नेतृत्व तरुण नेतृत्व म्हणतात ते हेच. १० एप्रिल १९९५ ला ते गेले तेव्हा शंभरी जेमतेम अकरा महिने लांब होती, वाढदिवस एकूण २३. हे मी ग्रुपवर टाकलं तर भाऊजींनी स्वतः मोजून पाहिलं असावं, कारण पाऊण तासाने नुसतं "बरोबर" एवढं आलं. ते मी स्क्रीनशॉट काढून ठेवलंय.

माझं म्हणणं एवढंच की चौकटीत नुसती तारीख आणि नाव दिलं की ते शाळेच्या हजेरीपटासारखं वाटतं, अमुक यांचा जन्म, तमुक यांचे निधन, हजर, हजर, गैरहजर. तारखांच्या पोटात इतक्या भानगडी असतात की एक जरी उलगडून सांगितली तरी दिवस मजेत जातो. गॅलिलिओ गेला त्याच १६४२ साली न्यूटन जन्मला, हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलंय आणि विज्ञानाची मशाल एका हातातून दुसऱ्या हातात वगैरे म्हणून टाळ्याही वाजवल्यात. पण इटलीत तेव्हा नवीन कॅलेंडर होतं आणि इंग्लंडात जुनं, दहा दिवस मागे. न्यूटनचा २५ डिसेंबर १६४२ हा जन्म इंग्लंडातला, इटलीत त्या दिवशी ४ जानेवारी १६४३ उजाडली होती. दोघांना एकाच कॅलेंडरात बसवलं की मशाल मध्येच वर्षभर जमिनीवर पडलेली सापडते.

रशियाची तर आणखी वेगळी तऱ्हा. ऑक्टोबर क्रांतीचा वाढदिवस नोव्हेंबरात, कारण जुन्या कॅलेंडरची २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे नव्याची ७ नोव्हेंबर. मग लेनिनच्या सरकारने कॅलेंडर बदललं तेव्हा ३१ जानेवारी १९१८ ला लोक झोपले ते एकदम १४ फेब्रुवारीला उठले. म्हणजे १ ते १३ फेब्रुवारी १९१८ या काळात अख्ख्या रशियात कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही आणि मुख्य म्हणजे कुणी भाषण केलं नाही. असे तेरा दिवस आपल्याकडे निवडणुकीच्या आधी कुणी काढून दिले तर मी त्याला डोळे मिटून मत देईन.

अमेरिकेचं सांगायचं तर ४ जुलै. तिथले पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स यांनी बायकोला ३ जुलै १७७६ ला पत्र लिहिलं की २ जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या थाटामाटात साजरा करतील, कारण स्वातंत्र्याचा ठराव २ तारखेलाच पास झाला होता. लोकांनी धरली ४ तारीख. राजकारण्याचं भाकीत फक्त दोन दिवसांनी चुकलं, आपल्या जाहीरनाम्यांच्या मानाने हे काहीच नाही. आणि पुढची कमाल बघा, हेच ॲडम्स आणि त्यांचे आधी दोस्त, मग वैरी, मग पुन्हा दोस्त झालेले जेफरसन, दोघेही गेले ४ जुलै १८२६ ला, एकाच दिवशी, ४ तारखेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी. हे मात्र भाऊजींनीही तपासून घ्यावं, एक दिवस इकडचा तिकडे नाही.

आता तक्रार. गेल्या काही आठवड्यांत तुमची ही चौकट निम्मी झालीय. उरलेल्या जागेत कुठल्यातरी 'भावी'च्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात असते, खाली अठरा जणांचे पासपोर्ट फोटो. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे मलाही कळतं, पण एका बाजूला इतिहासात खरोखर काहीतरी करून गेलेली माणसं दोन ओळींत आणि शेजारी अजून काहीच न केलेले गृहस्थ पाव पानावर, हे शेजारी शेजारी बघितलं की तोच त्या दिवशीचा सगळ्यात मोठा विनोद होतो, फक्त तो तुम्ही मुद्दाम केलेला नसतो.

आणि पेपरातल्या बारीक टायपाला कमी लेखू नका हो. आणीबाणी लागली, सेन्सॉर बसला, तेव्हा २८ जून १९७५ ला मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात निधनाच्या छोट्या जाहिरातींमध्ये एक जाहिरात आली होती. डी. ई. एम. ओक्रसी यांचं २६ जूनला निधन, मागे पत्नी टी. रूथ, मुलगा एल. आय. बर्टी, आणि फेथ, होप, जस्टिशिया ही भावंडं. नावं सलग, मोठ्याने वाचून बघा, डेमॉक्रसी, ट्रूथ, लिबर्टी. पहिल्या पानावर जे छापायची सोय नव्हती ते निधनवार्तेच्या रांगेतून गुपचूप आत शिरलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आधी हसले, मग थोडा वेळ गप्प बसले. आपल्याकडच्या राजकीय विनोदात यापेक्षा कमी शब्दांत यापेक्षा जास्त सांगितलेलं मला तरी आठवत नाही. ते व्यंगचित्र नव्हतं, अग्रलेख नव्हता, फक्त चार ओळी होत्या.

फ्रान्समध्ये तर 'ला बूजी द्यू सापर' नावाचा एक अख्खा विनोदी पेपर फक्त २९ फेब्रुवारीला निघतो, १९८० पासून, चार वर्षांतून एकदा. २०२४ ला त्याचा बारावा अंक आला. रविवार पुरवणीसुद्धा आहे त्यांची, पण तिला २९ फेब्रुवारी रविवारी यायला लागते, ती २००४ ला आली होती, आता थेट २०३२. मला त्या संपादकांचा हेवा वाटतो, चार वर्षांच्या राजकारणावर एकदाच हसायचं आणि पुन्हा झोपायचं.

तुम्ही मात्र रोज निघता, त्यामुळे विनंती अशी की चौकट होती तेवढी परत करा, साल छापायच्या आधी एकदा बघून घ्या, आणि १९६४ चं तेवढं १९६० करून दोन ओळींचा खुलासा टाका. छोटासाच चालेल, राशिभविष्याखाली टाकलात तरी मला दिसेल. फक्त त्यासाठी योग्य दिवस म्हणून पुढच्या २९ फेब्रुवारीची वाट बघू नका, तोपर्यंत भाऊजी मला ग्रुपवर एकही कोडं सुखाने घालू देणार नाहीत.

आपली,
पेपर आतल्या पानापासून वाचणारी एक वाचक