फायबरवाले काका, तुमचे आभार

काका,
सादर नमस्कार.

होडी पाण्यात उतरवली. तळ कोरडा ठणठणीत आहे. तोंडावर आभार मानले की तुम्ही "असू दे रे" म्हणून उठून जाता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

मे महिन्याच्या शेवटच्या वाऱ्यात नांगर घसरला आणि होडी मालवणच्या खडकांवर रात्रभर आपटत राहिली. बाजूचे लांबलचक ओरखडे बघून घरात कुणाला जेवण गेलं नाही. एक कारागीर म्हणाला, सगळीकडे पुट्टी भरतो, रंग मारतो, दोन दिवसांत मोकळे व्हा.

तुम्ही आलात आणि छोट्या हातोडीने वीत-वीत जागा ठोकत गेलात. ओरखड्यांवर आवाज खणखणीत. "हे वरच्या जेलकोटपुरतं, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरापुरतं आहे, घाबरू नको." पण नाळेजवळ, होडीच्या पुढच्या टोकाशी, जिथे नुसता खळगा दिसत होता, तिथे आवाज बद्द आला. आत मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या कापडाचे थर सुटले होते. तिथे पुट्टी बसली असती तर ती ऐन समुद्रात निघाली असती. काका, त्या एका आवाजासाठी मी तुमचा जन्मभराचा ऋणी आहे.

नंतरची तुमची सबुरी! १ जूनला मासेमारी बंद झाली, पाऊस लागला, आणि तुम्ही म्हणालात, आधी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, मग सुकू द्यायचं. ओल्या फायबरवर रेझीन, म्हणजे थर चिकटवणारी राळ, धरत नाही. ताडपत्रीखाली दिवा लावून ठेवलात. सुटलेला भाग ग्राइंडरने काढलात, कडा लांब उतरत्या केल्यात, एक मिलिमीटर खोलीला बारा मिलिमीटर उतार. मग ॲसिटोनने पुसून एकेक मॅट बसवलीत, रोलरने हवेचा बुडबुडा न् बुडबुडा काढलात. काम लवकर व्हावं म्हणून हार्डनर, म्हणजे रेझीन घट्ट करणारं रसायन, वाढवला नाहीत. जास्त झाला तर रेझीन तापून तडकतं, हे मला तेव्हा कळलं. कोबाल्ट (रेझीन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात तो द्रव) आणि हार्डनरचे डबे दोन टोकांना ठेवायला लावलेत, थेट एकत्र आले तर भडका उडतो म्हणून. माझा मुलगा आता शेजाऱ्यांनाही तेच बजावतो.

ओरखडेसुद्धा तुम्ही नुसते बुजवले नाहीत. कोरून थोडे रुंद केलेत, जेलकोट भरलात, वर प्लॅस्टिकचा कागद दाबलात, कारण उघडा राहिला तर तो वरून चिकट राहतो. रंग जुळावा म्हणून तुकड्यांवर नमुने करत बसलात. उन्हाने उतरलेला तो निळा कुठल्याच डब्यात मिळत नाही. शेवटी पाणी घेऊन पॉलिश पेपर, जाडापासून बारीकपर्यंत. आज हात फिरवला तरी जोड लागत नाही.

मजुरी तुम्ही अर्धीच घेतलीत, "हंगाम लागू दे" म्हणालात. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या विक्रीतून उरलेली देतो, ती मुकाट्याने घ्या. आणि मुलाला दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या हाताखाली पाठवू का? त्याला हे काम शिकायचं आहे.

तुमचाच,
मालवणचा एक होडीवाला